छोटी बेकरी सुरू करायचीये? ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांनी मला वारंवार विचारलेले प्रश्न

मी ऐरोलीत राहते. सहा वर्षं घरच्या किचनमधून केक, कुकीज, नानखटाई केली आणि आता दोन वर्षं झाली कोपरखैरण्यात एक छोटा गाळा भाड्याने घेतलाय. आठवड्याला दोन-तीन तरी मेसेज येतात, "ताई, मला पण सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलंय. किमतीचा प्रश्न सगळ्यात आधी घेतलाय, कारण ओव्हन छोटा होता म्हणून धंदा बंद केलेली एकही बाई मला माहीत नाही पण किंमत चुकीची लावल्यामुळे थकून बंद केलेल्या चार-पाच जणी माहितीयेत आणि त्यांचे केक माझ्यापेक्षा चांगले व्हायचे.

आमच्या इथे अर्धा किलोचा केक ४०० ला मिळतो, मग मी किती लावू?

आधी कागद घ्या. अर्धा किलोचा एगलेस चॉकलेट ट्रफल धरू, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका.

स्पंजचं सामान म्हणजे मैदा, साखर, कोको, तेल, दही, कंडेन्स्ड मिल्क मिळून ४५ रुपये. दीडशे ग्रॅम व्हिप क्रीम, २२० रुपये किलोने ३३. दीडशे ग्रॅम डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं फॅट असलेलं चॉकलेट), ३८० किलोने ५७. झाले १३५. त्यावर दहा टक्के नासधूस धराच, भांड्याला चिकटलेलं क्रीम, कापून काढलेला स्पंजचा फुगवटा, पायपिंग बॅगेत राहिलेलं गनाश (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण), हे सगळं आपल्याच खिशातून जातं, म्हणजे अजून १३. बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती, रिबन, सुरी ४५. लाइट, म्हणजे ओव्हन आणि फ्रीज मिळून २५. एकूण २१८.

इथपर्यंत सगळ्याच जणी हिशोब करतात आणि म्हणतात अरे वा, ४०० ला विकला तर १८२ सुटले की! पण तुमच्या हातांचं काय? तो केक म्हणजे फक्त वीस मिनिटांचं आयसिंग नाही, व्हॉट्सॲपवर "ताई यात निळा फिका करा ना" पासून ते शेवटी नोझल धुवून पालथे घालेपर्यंत सगळा वेळ धरायचा, अगदी कमी म्हटलं तरी दोन तास. तासाला १२० रुपये लावले तर २४० मजुरी. ओव्हन-बीटरची झीज, फोनचं बिल, भाडं असेल तर त्याचा वाटा मिळून ४० धरा. आता आकडा ४९८ झाला आणि यात नफा अजून आलाच नाहीये. १५ टक्के नफा लावला की ५७३.

आता तोच केक ४०० ला दिला तर काय होतं बघा. २१८ सामानाचे, ४० बाकीचे, उरले १४२. दोन तासांचे १४२ म्हणजे तासाला ७१ रुपये. नफा नाही, सुट्टी नाही, पाठ दुखली तर डॉक्टरचे पैसे नाहीत. सकाळी पाचला उठून असं वर्षभर करून बघा, बाई थकणारच. आणि मग ती म्हणते माझ्यात धंद्याची अक्कल नाही. अक्कल असते, मजुरी लावलेली नसते एवढंच.

मग ५७३ ला कोण घेणार? घेतात, पण मी तुम्हाला दुसरी वाट सांगते जी मला समजायला तीन वर्षं लागली. क्रीम कमी करू नका, ऑर्डर एकत्र करा. एकच चॉकलेट ट्रफल दोन तास घेतो पण चार एकदम केले तर आठ तास लागत नाहीत, पाचात होतात. सामान एकदाच मोजायचं, गनाश एकाच भांड्यात, ओव्हनमध्ये दोन टिन एकावेळी, भांडी एकदाच. पाच तासांचे ६०० भागिले चार म्हणजे एका केकला मजुरी १५०, म्हणजे ९० रुपये वाचले, खर्च ४९८ वरून ४०८ आणि नफा धरून साधारण ४६९. आता तुम्ही त्या ४०० वाल्या ताईच्या जवळ आलात आणि मालात काहीही कमी केलं नाहीत. म्हणूनच मी सुरुवातीला चारच फ्लेवर ठेवा म्हणते. तीस फ्लेवरचं मेनूकार्ड दिसायला छान दिसतं पण प्रत्येक केक एकटा एकटा बनवावा लागतो आणि तिथेच सगळा वेळ जातो.

नातेवाईक आणि ओळखीचे लोक कमी पैशात मागतात, काय करू?

"अगं घरचंच आहे ना, सामानाचे घे फक्त." हे प्रत्येकीने ऐकलंय. मी दोन गोष्टी करते. सख्ख्या माणसाच्या वाढदिवसाला केक माझ्याकडून गिफ्ट, पूर्ण फुकट, त्याचा हिशोब मी गिफ्टच्या खात्यात लिहिते. बाकी सगळ्यांना, मामेसासूबाईंपासून मजल्यावरच्या काकूंपर्यंत, रेटकार्डचाच भाव. अर्धवट सूट कोणालाच नाही, कारण ती एकाला दिली की दुसऱ्याला कळते आणि मग तोच तुमचा भाव होऊन बसतो. पहिल्यांदा सांगताना जीभ जड होते, मला पण झाली होती, पण रेटकार्ड छापून ठेवलं की बोलावं कमी लागतं, नुसतं पाठवायचं.

घरून सुरू करू की आधी गाळा घेऊ?

घरून. निदान एक वर्ष, म्हणजे गणपती, दिवाळी, ख्रिसमस आणि मे महिना असं सगळं एकदा बघून झालं पाहिजे. घोडबंदर रोडला किंवा वाशीला दुकानाचं भाडं आणि डिपॉझिट बघितलं तर पहिल्या दिवसापासून डोक्यावर ओझं घेऊन उभं राहावं लागतं, आणि केक हा रोज विकला जाणारा माल नाही, शनिवार-रविवार धावपळ आणि मंगळवारी शांतता. मी गाळा घेतला तोही रस्त्यावरचा नाही, आतल्या बाजूचा, कारण माझं गिऱ्हाईक चालत येत नाही, फोनवर ऑर्डर देतं. शोकेसची मला गरजच नव्हती, मला जागा हवी होती ती मोठ्या फ्रीजसाठी आणि ओट्यासाठी.

सोसायटीने हरकत घेतली तर?

आधीच कमिटीला एक साधं पत्र देऊन ठेवा की घरगुती प्रमाणावर ऑर्डरप्रमाणे केक करते, दाराबाहेर बोर्ड लावणार नाही, माणसं कामाला ठेवणार नाही, डिलिव्हरीवाले रात्री नऊनंतर येणार नाहीत. लोकांना त्रास नसेल तर सहसा कोणी अडवत नाही, त्रास होतो तो लिफ्टसमोर उभ्या राहणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांचा आणि पार्किंगचा, तेवढं सांभाळा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका.

आणि घरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा कमर्शियल असतो. मी सगळं बेकिंग इलेक्ट्रिक ओव्हनवर आणते ते यामुळेच. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा, एसी, गिझर आणि दोन ओव्हन एकदम लावले की जुन्या बिल्डिंगमध्ये एमसीबी पडतो. ओव्हनसाठी वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डवर ओव्हन चालवू नका, प्लीज.

लायसन्स लागतं का? मी तर घरातच करते.

लागतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि विकण्यासाठी खायचं बनवणारा प्रत्येक जण त्यात येतो, घर असो की फॅक्टरी. छोट्या धंद्याला पूर्ण लायसन्स नाही तर फक्त रजिस्ट्रेशन लागतं. मी काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर रजिस्ट्रेशन आणि वर्षाची फी १०० रुपये होती. अर्ज भरता त्या दिवशी फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर मर्यादा आणि फी बघून घ्या, नियम बदलत राहतात. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढं हाताशी ठेवा आणि अर्ज स्वतः भरा, अवघड नाहीये. एक एजंट माझ्याकडे या शंभर रुपयांच्या कामाचे साडेतीन हजार मागत होता.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर मिळाला की तो बिलावर टाकायचा, १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. बॉक्सवरच्या लेबलवर पण तोच. मला तो नंबर मिळाला त्या दिवशी मी प्रिंट काढून देवघराशेजारी लावली होती, खरंच खूप छान वाटलं होतं.

कामाला मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्याची पावती बँकेत करंट अकाउंट काढायला उपयोगी पडते. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, पैसे मागणारी वेबसाइट असेल तर ती सरकारी नाही. महापालिकेचं काही लागतं का ते गाळा घेताना विचारा, आणि आपण नेमके कोणत्या पालिकेत आहोत तेही बघा, कारण ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका पण खारघर-कामोठे पनवेल महापालिकेत येतं, आणि लोक उगाच चुकीच्या ऑफिसात चकरा मारतात.

जीएसटी?

वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या खाली असेल आणि फक्त महाराष्ट्रात माल विकत असाल तर सहसा नोंदणी लागत नाही. केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय, साध्या ब्रेडवर नाहीच. ॲपवरून विकायचं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, सीएला एकदा विचारून मगच करा.

ओव्हन कोणता घेऊ?

४५ ते ६० लिटरचा चांगला ओटीजी, म्हणजे कॉइलवर तापणारा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनमध्ये केक होतो पण एकावेळी एकच आणि रोजच्या कामाला त्याचा जीव पुरत नाही. ओटीजीबरोबर दोन-तीनशे रुपयांचं ओव्हन थर्मामीटर घ्याच. माझ्या पहिल्या ओटीजीच्या डायलवर १८० असायचं तेव्हा आत २०५ असायचं, सहा महिने मी रेसिपीला दोष देत बसले होते, केक वरून करपायचा आणि मधे कच्चा राहायचा.

डेक ओव्हन, प्लॅनेटरी मिक्सर वगैरे मोठी यंत्रं लगेच नकोत. सध्याच्या ओव्हनमुळे महिन्यात चार ऑर्डर नाकाराव्या लागायला लागल्या की मग बघा. पण डिजिटल वजनकाटा मात्र पहिल्या दिवशी, वाटी-चमच्याने धंद्याचा केक करू नका, वाटीत मैदा दाबून भरला की तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि मग गेल्या वेळसारखा मऊ नाही झाला हो, असं ऐकावं लागतं.

सामान कुठून आणू?

ड्रायफ्रूटसाठी वाशीच्या एपीएमसीचं मसाला मार्केट, आंब्याच्या दिवसात तिथलंच फळ मार्केट. ठाण्यातल्या लोकांना जांभळी नाका आहेच. मोल्ड, बॉक्स, नोझल यांच्यासाठी एकदा क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारून या, भाव कळतात, मग नेहमीचं जवळच्या बेकिंगच्या दुकानातून घ्या.

क्रीम आणि चॉकलेटच्या बाबतीत स्वस्ताच्या मागे लागू नका. एकदा मी ओळखीच्या दुकानातून सोडून दुसरीकडून थोडं स्वस्त व्हिप क्रीम आणलं, पाकिटं मस्त दगडासारखी गोठलेली होती, पण फेटायला घेतलं तर कितीही फिरवा, घट्टच होईना. ते वाटेत कुठेतरी वितळून परत गोठवलेलं होतं. एकदा वितळलेलं क्रीम पुन्हा गोठवलं की ते तसं फुलत नाही. त्या दिवशी तीन केक द्यायचे होते. तेव्हापासून मी क्रीम आणायला आइसबॉक्स घेऊन जाते आणि पाकीट हातात घेऊन बघते, आकार वेडावाकडा गोठलेला असेल तर घेत नाही.

अजून एक, मनापासून सांगते. बाजारात ज्याला फ्रेश क्रीम केक म्हणतात त्यातलं बरंचसं क्रीम दुधाचं नसतं, वनस्पती तेलाचं नॉन-डेअरी व्हिप क्रीम असतं. वापरायला काहीच हरकत नाही, मी पण वापरते, आपल्या उकाड्यात दुधाचं क्रीम टिकतच नाही. पण गिऱ्हाइकाला सांगताना व्हिप क्रीम म्हणा. तसंच कंपाउंड आणि खरं चॉकलेट वेगळं, खऱ्यात कोको बटर असतं आणि ते टेंपर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून गार करावं लागतं, कंपाउंडमध्ये दुसरं फॅट असतं म्हणून ते नुसतं वितळवून चालतं. कंपाउंड वापरून बेल्जियन लिहू नका. आणि मैद्याऐवजी नाचणी, साखरेऐवजी गूळ घातला म्हणून तो केक शुगर-फ्री होत नाही, कोणाच्या तरी डायबिटीस असलेल्या बाबांना तो केक जाणार असतो.

एगलेसच करू की अंड्याचे पण?

ठाणे-नवी मुंबईत फक्त एगलेस केलं तरी धंदा चालतो, श्रावणात तर जास्तच, आणि गुजराती-मारवाडी-जैन गिऱ्हाईक पूर्ण तुमच्याकडे येतं. दोन्ही करायचे असतील तर बीटर, भांडी, टिन, स्पॅच्युला सगळं वेगळं ठेवा आणि रंग ठरवून टाका. आमच्या घरी सासूबाईंचा अंड्याला विरोध होता, म्हणून मी पहिली चार वर्षं एगलेसच केलं. त्यांच्यासाठी केलं खरं पण त्यातूनच दही-सोड्याचा, व्हिनेगर-दुधाचा स्पंज माझ्या हातात बसला. पॅक केलेल्या मालात अंडं असेल तर नियमाप्रमाणे ती नॉनव्हेजची खूण लावावी लागते, चौकोनात तपकिरी त्रिकोण, शाकाहारीला चौकोनात हिरवा गोल. लोक विश्वासाने घेतात हो, इथे चूक करायचीच नाही.

पावसाळ्यात क्रीम-फाँडंट टिकत नाही, काय करतात सगळे?

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की साखर हवेतलं पाणी ओढून घेते. फाँडंट, म्हणजे लाटून लावायचं साखरेचं आवरण, चिकट होतं, चमकायला लागतं, बाहुलीचे हात गळून पडतात. त्यातून तो केक फ्रीजमधून बाहेर काढला की त्यावर घाम सुटतो, कारण थंड पृष्ठभागावर हवेतलं बाष्प जमतं. मी जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण फाँडंटच्या ऑर्डर घेतच नाही, फक्त वरचा टॉपर फाँडंटचा करते, तोही चार-पाच दिवस आधी, थोडी टायलोस पावडर (फाँडंट कडक करणारी) घालून, पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत कडक वाळवलेला, आणि केकवर अगदी देताना ठेवते. मेरिंग, मॅकरॉन यांच्या वाटेला या महिन्यांत जाऊच नये.

क्रीमसाठी पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायला घ्यायचं, भांडं आणि बीटरच्या काड्या पण गार. मध्यम स्पीड. घाई केली की वरून घट्ट दिसतं आणि तासाभरात खाली बसतं. बटरक्रीमवाल्यांचा त्रास एप्रिल-मेमध्ये असतो, तापमानाने तिशी ओलांडली की लोणी वितळायला लागतं.

कुकीज, नानखटाई, खारी हवाबंद डब्यात भरून खाण्याच्या पदार्थांसाठी मिळते ती सिलिका जेलची पुडी टाका. आणि नानखटाई तुपातच करा. २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्सफॅट २ टक्क्यांच्या आत असलंच पाहिजे असा नियम झाला आहे, तरी चवीला तुपाची सर नाही, दिवाळीत लोक माझ्याकडे परत येतात ते त्या वासासाठी.

डिलिव्हरीचं कसं करायचं? ठाण्याहून खारघरला केक पोहोचेल का?

पोहोचतो पण कोण नेतंय आणि कधी नेतंय त्यावर आहे. बाइकवाला मागच्या पिशवीत केक आडवा टाकतो, माझा एक दोन मजली केक असाच गेला होता, पाचव्या वाढदिवसाचा, त्या मुलाच्या आईचा फोन मी अजून विसरले नाहीये. पैसे परत केले आणि त्याच संध्याकाळी दुसरा केक करून मिस्टरांबरोबर स्वतः जाऊन दिला. त्यानंतर नियम केला, एक किलोच्या वरचा आणि दोन मजली केक फक्त कारने किंवा रिक्षाने, बॉक्स मांडीवर नाही तर पायाशी सपाट जागेवर, खाली रबरी मॅट. मांडी उतरती असते, केक सरकतो.

रस्त्यांचं म्हणाल तर पाम बीच रोड गुळगुळीत, ठाणे-बेलापूर रोडला कंपन्या सुटायच्या वेळी गर्दी, कळवा नाका आणि माजिवडा संध्याकाळी सहानंतर नकोच. घोडबंदरची डिलिव्हरी मी दुपारी चारच्या आत उरकते. छोटे अर्धा किलोचे केक, कुकीजचे डबे मी कित्येकदा लोकलने पण दिलेत, ऐरोली ते ठाणे मधे फक्त दिघा गाव, दुपारी लेडीज डब्यात जागा मिळते, स्टेशनबाहेर गिऱ्हाईक येऊन घेऊन जातं आणि डिलिव्हरीचे शंभर-दीडशे वाचतात.

क्रीम केक ५ अंशांच्या आत गार करून, निदान चार तास फ्रीजमध्ये घट्ट बसवून मगच बाहेर काढा. आणि डिलिव्हरीचे पैसे वेगळे सांगा. फ्री डिलिव्हरी म्हणजे तुमच्या मजुरीतून दिलेले पेट्रोलचे पैसे.

प्लास्टिकची सुरी देऊ शकते का?

नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या सुऱ्या, चमचे, काटे देशभर बंद आहेत, मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची पातळ फिल्म आणि सजावटीचं थर्माकोल पण त्यातच येतं. लाकडी सुरी घ्या, थोडी महाग पडते, किमतीत धरा.

लादी पाव, ब्रेड सुरू करू का? रोजचा खप आहे.

पावाचा धंदा वेगळाच आहे. तो पहाटेचा आहे, हजारांच्या संख्येचा आहे आणि एका पावामागे पैसे इतके कमी सुटतात की घरच्या ओव्हनवर त्याचा मेळ बसणार नाही. जुन्या लाकडाच्या भट्ट्यांवर मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने कडक भूमिका घेतली, लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर या असं सांगितलं, त्यामुळे तो सगळा व्यवसायच सध्या बदलतोय. त्यात नव्याने उडी मारू नका.

घरून ब्रेड करायचाच असेल तर शनिवारी सकाळी ठरावीक पंधरा-वीस लोफ, आधी ऑर्डर घेऊन. गव्हाचा, मिलेटचा, सावरडोचा (नैसर्गिकपणे आंबवलेल्या पिठाचा), जो बेकरीत मिळत नाही तो. उन्हाळ्यात पीठ फार लवकर फुगतं आणि आंबटसर वास येतो, म्हणून गार पाणी आणि यीस्ट कमी. ब्रेड इम्प्रूव्हर (ब्रेड मऊ-फुगीर करणारी पावडर) घ्यायचा झाला तर पाकिटावरचे घटक वाचा, पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ पासून बंदी आहे.

प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक होम बेकर आहे, आता काय उरलंय?

वाढदिवसाच्या केकमध्ये गर्दी आहे हे खरं. पण ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये चार वाजता चहाबरोबर खायला लोकांना आयसिंगवाला केक नको असतो, साधा मावा केक, लिंबाचा लोफ, केळ्याचा केक हवा असतो, जो डब्यातून नेता येतो आणि दोन दिवस टिकतो. माझी निम्मी कमाई आज या बिनआयसिंगच्या केकमधून येते. मजुरी कमी, फ्रीज नको, डिलिव्हरीची धाकधूक नाही. शिवाय ऋतूप्रमाणे चला, डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मे हापूस, गणपतीत चॉकलेट मोदक, दिवाळीत नानखटाई आणि हँपर, डिसेंबरात प्लम केक ज्याचे ड्रायफ्रूट ऑक्टोबरमध्येच भिजत घालायचे.

ॲडव्हान्स किती घ्यायचा?

निम्मे पैसे, नावावर ऑर्डर लिहिण्याआधी. "लिहून ठेव गं, देते नंतर" याला ऑर्डर म्हणायचं नाही. डिझाइन, वजन, केकवरचं नाव, तारीख, वेळ सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवायचं आणि समोरच्याचं "हो" घ्यायचं. नावाचं स्पेलिंग तर हमखास, श्रीशा की श्रिशा, यावरून भांडणं झालीयेत. ४८ तास आधी रद्द केलं तर मी पूर्ण परत देते, नंतर नाही.

कर्ज घेऊ का?

पहिलं वर्ष नको. नंतर ओव्हन-मिक्सरसाठी लागलं तर केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई म्हणून केंद्राची योजना २०२० मध्ये आली, तिच्यात यंत्रांवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, आपल्याकडे ती कृषी खात्यामार्फत राबवली जाते, आत्ताची स्थिती ठाण्याच्या जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. बँकेत जाताना एक गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते, वर्षभराची वही. मॅनेजरने माझा प्रोजेक्ट रिपोर्ट दोन मिनिटं बघितला आणि वही वीस मिनिटं.

ऑर्डरच्या दिवशी लाइट गेली किंवा केकच फसला तर?

दोन्ही होणारच आहे. महावितरणमध्ये मोबाइल नंबर नोंदवून ठेवा, ठरवून बंद करणार असतील तर मेसेज येतो. मी कुठलाही केक डिलिव्हरीच्या दिवशी भाजत नाही, स्पंज आदल्या दिवशीच, त्या दिवशी फक्त आयसिंग. तरीही जमणार नाही असं दिसलं तर दुपारी बाराच्या आत गिऱ्हाइकाला फोन करायचा, संध्याकाळी सहाला नाही, बाराला सांगितलं तर त्यांना दुसरीकडून घेता येतो. आणि फ्रीझरमध्ये दोन व्हॅनिला, एक चॉकलेट स्पंज, क्लिंग फिल्ममध्ये दोनदा गुंडाळून वर तारीख टाकून कायम ठेवा, तीन-चार आठवडे छान राहतात आणि बाहेर काढले की तासाभरात आयसिंगला तयार.